बटण क्रमांक बत्तीसचा आवाज

कोणतीही गोष्ट तीस वर्षं कोणी ऐकली नाही, की ती अभिजात होते. कलेचा हा मूलभूत नियम लोणावळ्यात जरा लवकरच लागू पडतो, कारण इथल्या हवेत कॅसेटला पंधरा दिवसांत बुरशी धरते आणि ऐकण्याचा प्रश्नच मिटतो.

'बॅटरीवरचं चांदणं' (१९९६) हा मावळातला पहिला आणि, देवाची कृपा, शेवटचा सिंथ-पॉप, म्हणजे सगळं कीबोर्डवर वाजवलेला अल्बम. तो आता नव्याने निघणार, म्हणून त्याच्या पुनर्मूल्यांकनासाठी गेल्या महिन्यात एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये समिती बसली. मी तिचा कार्यवाह. अध्यक्ष समर्थ, पुण्याचे संगीतसमीक्षक. अल्बम आला तेव्हा त्यांचा जन्म झाला नव्हता, त्यामुळे ते पूर्णपणे निःपक्षपाती होते.

अल्बमचं व्यावसायिक यश वादातीत आहे. निर्माते महिपतीशेठ यांचं बाजारात चिक्कीचं दुकान होतं आणि दुकानाबाहेर 'टॉप टेन'चा फळा. किलोभर चिक्कीवर ही कॅसेट मोफत मिळे. (अर्धा किलोवाल्याला नुसतं कव्हर.) अल्बम सलग तेवीस आठवडे पहिला राहिला. चोविसाव्या आठवड्यात गुळाचा ट्रक घाटात बंद पडला आणि अल्बम दुसऱ्या क्रमांकावर घसरला. समर्थांनी आपल्या निबंधात याला 'श्रोत्यांची बदलती अभिरुची' म्हटलं आहे.

पण खरी क्रांती आवाजाची. कव्हरवर संगीतकार विकास काळा चष्मा लावून कीबोर्डवर रेलले आहेत आणि खाली छापलंय : 'स्वर – विकास व मशीन'. विकास तर एकाही गाण्यात गात नाहीत. आठही गाण्यांत बाईचा आवाज आहे. तेव्हा तो मशीनचाच, हे उघड आहे. समर्थांच्या संशोधनानुसार तो कीबोर्डच्या बटण क्रमांक बत्तीसमधून निघतो. चौथ्या गाण्यात ते मशीन चक्क खोकतं. या खोकल्यावर निबंधात अकरा पानं आहेत. परदेशात तेव्हा असा खोकला कोणाला जमला नव्हता म्हणे.

विकासभाऊ स्वतः मूळ कीबोर्ड घेऊन समितीसमोर आले. बत्तीस नंबर दाबला, तर सनई वाजली. बटण जुनं झाल्याची नोंद मी केली.

इतक्यात लोहगडवाडीच्या एक बाई आल्या. गडाच्या पायथ्याशी त्या ट्रेकरांना पिठलं-भाकरी विकतात. (निमंत्रण नव्हतं, पण चहाची वेळ असल्याने त्यांना कोणी अडवलं नाही.) कोणा ट्रेकरच्या मोबाइलवर त्यांना आपलाच आवाज ऐकू आला होता. आता अल्बम नव्याने निघतोय, तर यंदा तरी कव्हरवर आपलं नाव यावं, एवढीच त्यांची मागणी. नातीला दाखवायचं होतं. ती म्हणते, आजी थापा मारते.

"त्यो खोकला माजा हाय," बाई म्हणाल्या. "आठ दिवस चिखलात भात लावून सर्दी झालती. इकासभाऊ म्हनले, गा तशीच, मागनं काढू."

सगळ्यांनी विकासभाऊंकडे पाहिलं. विकासभाऊंनी मोबाइलकडे पाहिलं. तीस वर्षं झाली, तेव्हा बरीच माणसं यायची-जायची, असं ते म्हणाले. (याला खेड्यात आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. आम्ही याला संगीत-संयोजन म्हणतो.)

अध्यक्ष न्यायी. त्यांनी बाईंना गायला सांगितलं. बाईंनी पदर खोचला आणि चौथं गाणं म्हटलं, भातलावणीत म्हणतात तसं, वाद्याशिवाय. हॉलमधले वेटर ट्रे घेऊन जागीच उभे राहिले. मी पेन खाली ठेवलं. कार्यवाहाने असलं काही नोंदवायचं नसतं, म्हणून नोंदवलं नाही.

समितीचा निर्णय एकमताने झाला. मूळ मशीनच्या तुलनेत बाईंचा सूर किंचित मानवी पडतो, तरीही प्रयत्न कौतुकास्पद आहे. सबब त्यांना शाल, नारळ आणि 'उत्कृष्ट नक्कल' असं प्रमाणपत्र देण्यात यावं. माझं मतही यात आलं. अकरा पानं छापून झाली होती, इलाज नव्हता.

बाईंनी नारळ घेतला. बाकीचं टेबलावर ठेवलं.

"मी मेल्यावर त्ये मशीन रडंल व्हय?" एवढं विचारून त्या गेल्या. प्रश्न विषयपत्रिकेत नसल्याने उत्तर दिलं गेलं नाही.

इथपर्यंतचा वृत्तान्त मी समितीच्या फेसबुक पानावर टाकला. वाचकांचा प्रतिसाद उदंड. कीबोर्ड कोणत्या कंपनीचा, चिक्की शेंगदाण्याची की काजूची, रिसॉर्टचं भाडं किती, अशा एकशे चाळीस पृच्छा आल्या. त्या बाईंचं नाव काय, असं एकानेही विचारलं नाही. आपणही इथवर वाचत आलात आणि आपल्यालाही ते विचारावंसं वाटलं नाही, याबद्दल समिती आपली ऋणी आहे.