दीडशे मतं आणि चार फोन

जनतेला काय हवं असतं, हे माझ्याइतकं कोणालाच कळत नाही! बढाई मारत नाही, अनुभव सांगतोय. सतरा वर्षं मी मत्स्य आणि वन्यजीव खात्यात खिडकीच्या आत बसलोय आणि जनता खिडकीच्या बाहेर उभी आहे. इतक्या जवळून जनता बघितलेला दुसरा माणूस दाखवा! जनतेला परवाना आज हवा असतो, मासा मोठा हवा असतो आणि रानडुक्कर दुसऱ्याच्या शेतात हवं असतं. झालं! एवढ्यासाठी घरोघरी जाऊन विचारायचं कशाला?

पण आमच्या नव्या मॅडमना विचारायचंच होतं. गावाबाहेरच्या तळ्यातले मासे म्हणे संपत आलेत. तिथली मासेमारी तीन वर्षं पूर्ण बंद ठेवावी का, यावर लोकांची मतं गोळा करायची. दीडशे घरं, दीडशे फॉर्म, दहा दिवस. आणि हे काम कोणाला? तर मला!

"लोक 'बंद करा' म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर बंद करू."

"आणि 'नको' म्हणाले तर?"

"तर पुन्हा विचार करू."

लोकशाही म्हणजे काय, ते मला शाळेत कधी इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

आता माझी खरी अडचण सांगतो. माझे सासरे, म्हणजे मामा, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही! नळ मिनिटाला किती थेंब गळतो, मी चहात किती चमचे साखर घालतो, सगळं मोजतात. मी दाढी करत असलो की दाराबाहेरून आवाज येतो, "जावईबापू, अकरा मिनिटं झाली!" अहो, गाल कापला जातो माणसाचा! मला तारून नेणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ते तळं. सकाळी गळ आणि डबा घेऊन मामा निघाले की थेट संध्याकाळी परत. रविवारी येताना मासाही आणायचे. आता तळं तीन वर्षं बंद झालं, तर मामा तीन वर्षं घरात! जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा चांगल्या वागणुकीची सूट मिळते, मला ती कोण देणार होतं?

तेव्हा तळं उघडं राहिलंच पाहिजे, असं जनतेचं मत असणं गरजेचं होतं. आणि जनतेचं मत मला ठाऊक होतंच. शनिवारी दुपारी मी सगळे फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरले आणि बायकोला हाक मारली.

"हे काय? दीडशे घरं हिंडायची होती ना?" ती म्हणाली.

"हिंडायचं कशाला? तू पंच्याहत्तर भर, मी पंच्याहत्तर भरतो. सगळीकडे 'तळं उघडं ठेवा'."

"बाबा घरी राहिले तर तुमचं काय बिघडतं हो?"

"माझं? छे! तळ्याला चुकल्यासारखं होईल गं."

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी लिहीत नाही. पण माणसं रचून लिहायची म्हटल्यावर तिचा हात शिवशिवायला लागला. मी आपला सरळ माणूस, मुकाट्याने वय, व्यवसाय, 'उघडं ठेवा' असं लिहीत होतो. हिने मात्र संसार मांडले! एका फॉर्मवर चांभाराची बायको 'उघडं ठेवा' म्हणत होती, पुढच्यावर खुद्द चांभार 'बंद करा' म्हणत होता आणि त्याच्या पुढच्यावर त्याची आई 'मुलगा म्हणेल तसं, सुनेला काय कळतंय' म्हणत होती.

"अगं, 'बंद करा' कशाला लिहितेस?" मी ओरडलो.

"घरात सगळ्यांचं एकमत झालेलं कधी पाहिलंय तुम्ही? कोण विश्वास ठेवेल?"

मुद्दा बिनतोड होता. मग मीही उदार झालो आणि वीसेक लोकांना विरोध करू दिला.

राहता राहिला फोन नंबरचा रकाना. सतरा वर्षांत आमच्या खात्यात कोणी फॉर्मची मागची बाजू उलटून पाहिल्याचं मला आठवत नाही, आणि तो रकाना नेमका मागे! मी बिनधास्त घरचा नंबर, हिचा नंबर, माझा नंबर आणि मामांचा नंबर आलटून पालटून टाकले. मामांचा तर सर्वांत जास्त वेळा. कारण मासे बिचकतात म्हणून मामा फोन कधी उचलतच नाहीत! दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

सोमवारी गठ्ठा मॅडमच्या टेबलावर ठेवला. दहा दिवसांचं काम तीन दिवसांत! शाबासकी घ्यायला मी जरा पुढेच झुकलो होतो.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पहिलाच फॉर्म उलटा केला. "बसा. दहा जणांना मी स्वतः फोन करून खात्री करते."

पुढे झुकलेला मी मुकाट खुर्चीत टेकलो. मॅडमनी स्पीकर लावला.

पहिला फोन आमच्या घरी. "चांभारदादा आहेत का?"

पलीकडून हिचा आवाज, "ते बाहेर गेलेत. मी त्यांची बायको."

"तळ्याबद्दल तुमचं मत?"

"उघडं ठेवा. पण आमच्या ह्यांना पटत नाही. ह्यांना माझं काहीच पटत नाही!"

यातलं चांभाराबद्दल किती आणि माझ्याबद्दल किती, ते मला अजून कळलेलं नाही. मॅडमनी दुसरा फॉर्म काढला. हा फोन हिच्या मोबाइलवर. आता हिने आवाज घोगरा केला. "मी चांभाराची आई बोलतेय!"

"तुम्ही एकाच घरात राहता का?"

"हो ना, काय करणार! सून बघितलीत ना कशी उलट बोलते?"

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी तिसरा नंबर फिरवला आणि माझा खिसा वाजायला लागला.

"घ्या ना," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

मी फोन काढला. कानाला लावला. दुसरं काय करणार होतो?

"हॅलो," मी म्हणालो.

"हॅलो," मॅडम टेबलापलीकडून म्हणाल्या. "आपण होड्या बांधता ना?"

"हो... म्हणजे... पूर्वी बांधायचो."

"आणि तुमचं मत?"

"तळं उघडंच ठेवावं," मी खाली मान घालून म्हणालो. आता माघार घेऊन तरी काय उपयोग होता!

नोकरी गेली असं मी धरूनच चाललो. पण मॅडमना आता गंमत वाटायला लागली असावी. "हा एक नंबर तर चाळीस फॉर्मांवर आहे. बघू या कोण आहे. वय एकोणतीस, परिचारिका."

मामांचा नंबर! मी मनात म्हटलं, चला, हा तरी उचलला जाणार नाही. आणि दुसऱ्याच रिंगला आवाज आला, "हॅलो! कोण बोलतंय?"

"मी मत्स्य खात्यातून बोलतेय. तळं तीन वर्षं बंद ठेवावं का, त्यावर लोकांचं मत घेतोय. तुमचं काय मत आहे?"

"माझं मत?" मामांचा आवाज एकदम हलला. "मला विचारताय? थांबा हं, चष्मा लावतो."

फोनवर बोलायला चष्मा! पण मला हसू आलं नाही. या माणसाला गेल्या कित्येक वर्षांत कोणी मत विचारलं नसावं. मी तर नक्कीच नाही.

"बाई, बंद करा," मामा म्हणाले. "तीन कशाला, पाच वर्षं करा! मासे आहेत कुठे? मी रोज गळ टाकून बसतो, पण शेवटचा पकडला त्याला आठ वर्षं झाली. पिल्लंसुद्धा जाळ्याने ओढून नेली लोकांनी. पाणी नुसतं रिकामं आहे हो."

"मग तुम्ही रोज जाता कशाला?"

"बसायला. दगडावर बसून कंबर मोडते, पण बसतो. रविवारी बाजारातून मासा घेऊन घरी जातो. जावई म्हणतो, 'वा मामा, काय हात आहे तुमचा!' साफ करून, तुकडे करून दिलेला मासा असतो, बाई. तरी त्याला कळत नाही. आणि नोकरी कुठे करतो? तुमच्याच खात्यात!"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"जावई त्रास देतो का?" मॅडमनी हळूच विचारलं.

"छे छे! माणूस सोन्यासारखा आहे. फक्त बोलतो. चहा पिताना बोलतो, दाढी करताना बोलतो. मी बाहेरून मिनिटं मोजत असतो, आता संपेल, मग संपेल. एकदा घड्याळ लावलं होतं. एका चहाला चाळीस मिनिटं! तळ्यावर कोणी बोलत नाही, एवढंच. तेव्हा मासेमारी खुशाल बंद करा, पण बसायला एखादं बाक ठेवा."

खरं सांगतो, लागलं मला ते. मी ज्यांना घराबाहेर घालवायला दीडशे माणसं जन्माला घातली, ते माझ्यामुळेच घराबाहेर जात होते!

मॅडमनी एक कोरा फॉर्म काढून मामांचं मत शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग माझा अख्खा गठ्ठा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दीडशे नवे फॉर्म पुढे ठेवले. "आता चालत जायचं. आणि लोकांना बोलू द्यायचं."

गेलो. दीडशे दारं वाजवली, चपलेचा अंगठा तुटला. एकशे एकतीस लोक 'बंद करा' म्हणाले! त्यांच्यात खरे गळ टाकणारेसुद्धा होते. मी सतरा वर्षं खिडकीतून कोणती जनता बघत होतो, देव जाणे. पुढच्याच महिन्यात तळ्यावर मासेमारी बंद झाली आणि काठाने बारा बाकं बसवली गेली.

पहिल्या रविवारी मी सकाळीच तळ्यावर गेलो. मामा पहिल्या बाकावर एकटेच पाण्याकडे बघत बसले होते. मी शेजारी टेकलो.

"मामा, तो फोन आला ना, तेव्हा मी तिथेच होतो."

मामा गोरेमोरे झाले. "सगळं ऐकलंत?"

"सगळं."

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू."

"छे हो मामा! उलट बरं झालं. मी ठरवलंय, आता कमी बोलायचं. म्हणजे कसं, बघा, माझा मुळात स्वभावच असा आहे, लहानपणापासून, त्याचं कारण सांगतो..."

मामा उठले आणि शेजारच्या बाकावर जाऊन बसले. ऐकायला नीट येत नसेल, म्हणून मीही गेलो. माफी मागायची तर नीट मागावी, अर्धवट नको! दुपारी जेवायची वेळ झाली, तेव्हा आम्ही अकराव्या बाकावर होतो आणि मी अजून कारणच सांगत होतो.