नंदनवार अँड सिस्टर

शालिकभाऊ नंदनवार तुमच्या घरी आले, तर लगेच बसतील अशी आशा ठेवू नका. आधी ते तुमची खुर्ची मोजतात. टेपने नाही, दोऱ्याने. शर्टाच्या खिशातून सुतळीएवढा जाड पांढरा सुती दोरा निघतो. त्याला तीन गाठी मारलेल्या. दोऱ्याचं टोक जमिनीला टेकवायचं, पहिली गाठ कुठवर येते ते बघायचं आणि निकाल द्यायचा, "उंच आहे." मग त्याच उंच खुर्चीवर बसून चहा मागायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, हा जुनं फर्निचर विकत घेणारा माणूस आहे. आम्हाला काही विकायचं नाही, असं तिने दारातच सांगून टाकलं.

आमच्या गल्लीत ते समोरच्या घरात राहतात. एकटेच. लग्न केलं नाही. काहून, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "टाइम नाही भेटला." उंची सहा फूट, वजन बेताचं. मूळ घर उमरेडचं, विणकरांचं. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत बापाच्या मागावर बसले, मग माग बंद पडला आणि ते नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागले. तिथे चौतीस वर्षं खोक्यांची लांबी-रुंदी-उंची मोजली. टेपवरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला. दर टेपचं टोक वाकडं असतं आणि दर हमालाचं माप वेगळं येतं, असं त्यांचं म्हणणं. "दोरा झूट नाही बोलत गा, मास्तर," हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकतो. मी महापालिकेच्या शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून मास्तर.

माग गेला तरी विणकराच्या खोडी गेल्या नाहीत. त्यांच्या हातात आलेला कुठलाही सुती जिन्नस आधी धुतला जातो आणि मग खळीत बुडतो. खळ म्हणजे भाताची पेज. मागावर चढवण्याआधी सुताला तीच लावतात, सूत ताठ राहावं म्हणून. शालिकभाऊंचे शर्ट, टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळं ताठ. त्यांचा रुमाल घडी मोडली तरी टेबलावर उभा राहतो. "बिना खळीचा कपडा म्हणजे बिना शिस्तीचा माणूस," असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. माझा चुरगळलेला झब्बा बघून हे वाक्य त्यांना नेमकं आठवतं.

त्या तीन गाठी कुठून आल्या, ते मला आमच्या घरी खुर्च्या येऊ लागल्यावर कळलं.

उमरेडला त्यांची थोरली बहीण आहे, जनाबाई. आई लवकर गेली, तेव्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता हिनेच शालिकभाऊंना वाढवलं. आता तीही एकटी आहे. तिने नागपूरला आपल्याकडे राहायला यावं, एवढी एकच इच्छा या माणसाला आहे. दर वर्षी भाऊबीजेला ती येते, ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी बस धरते. गेल्या भाऊबीजेला त्यांनी हिंमत करून विचारलंच, की बाई, इथंच काहून नाही राहत. जनाबाई सोफ्यावर बसली होती. उंचीने जेमतेम साडेचार फूट. पाय लोंबकळत होते आणि घोटे सुजले होते. जमिनीवर बसली तर गुडघे उठू देत नाहीत. ती म्हणाली, "तुह्या घरी माह्या पायाले जमीन नाही भेटत गा, शालिक."

ती हे सोफ्याबद्दल बोलली की घराबद्दल, यावर शालिकभाऊंनी वेळ घालवला नाही. तिच्या मापाची खुर्ची करायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. दुपारी ती पलंगावर पाय सोडून कलंडली होती, डोळा लागला होता. हे दोरा घेऊन गेले. टाच ते गुडघ्याची लवण, एक गाठ. लवण ते कंबर, दुसरी. कंबर ते कोपर, तिसरी. तिसरी गाठ मारताना ती जागी झाली.

आमच्याकडे झोपलेल्या माणसाला दोऱ्याने मोजत नाहीत. तसं फक्त एकाच कामासाठी मोजतात, आणि तेव्हा तो माणूस झोपलेला नसतो. जनाबाई उठून बसली आणि एवढंच म्हणाली, "मले मोजून राहिला? तिरडी बांधतो का?" सकाळची बस धरणारी बाई त्याच संध्याकाळी निघून गेली. फोनवर ती पुढेही बोलायची, पण या विषयावर नाही. शालिकभाऊंनीही पुन्हा तोंड उघडलं नाही. तो दोरा मात्र त्यांनी जिवापाड जपला, कारण माप दुसऱ्यांदा मागायची सोय उरली नव्हती.

मग त्यांनी करवत, रंधा, पटाशी आणली आणि अंगणात काम मांडलं. पहिली खुर्ची व्हायला सहा आठवडे लागले. दिसायला बरी होती. एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर ती उमरेडला गेली. जनाबाईने फोनवर सांगितलं, लय छान आहे. आठवड्याने तिच्या शेजारणीकडून कळलं, की ती त्यात एकदा बसली आणि उठताच येईना, तेव्हा दोघींनी ओढून काढली. आता खुर्चीवर पाण्याचा माठ ठेवते.

शालिकभाऊंनी दुसरी केली. दोऱ्याला लावली, गाठीला गाठ बरोबर. पण पहिलीचा अनुभव होता, म्हणून आधी माझ्या सासूबाईंना बसवून पाहिलं. त्यांनाही ओढून काढावं लागलं. ती खुर्ची आमच्याकडेच राहिली. मग तिसरी आली, मग चौथी. प्रत्येक खुर्ची आधीच्यापेक्षा बुटकी आहे असं मला वाटायचं, पण मी बोललो नाही. मला वाटलं, माणूस उतरणीला लागला आहे. चौथीवर बायकोने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या, म्हणाली, एवढी सोयीची उंची पाटाचीसुद्धा नसते.

"दोरा बरोबर, खुर्ची बरोबर, मंग बाई काहून नाही उठत?" शालिकभाऊ आठ दिवस याच प्रश्नावर होते. शेवटी दोष हाताचा आहे असं त्यांनी ठरवलं. हाताने कापलेलं तिरपं जातं, तिथे मशीनच पाहिजे. फेब्रुवारीत अमरावती रोडवर वाडीच्या अलीकडे लाकूडकामाच्या मशीनचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते मला रविवारी सकाळी आठलाच उठवायला आले. अंगात खळीचा शर्ट, पायात बूट आणि खिशात दोरा.

दारावर एक मुलगी कॉम्प्युटरवर नावं घेऊन गळ्यात अडकवायची कार्डं देत होती. कंपनीचं नाव विचारल्यावर शालिकभाऊ थोडे अडखळले. कंपनी असल्याशिवाय आत सोडत नाहीत असा त्यांचा समज झाला. मग म्हणाले, "नंदनवार अँड सिस्टर." मुलीने ते छापून दिलं. माझ्या कार्डावर नुसतं "व्हिजिटर" आलं.

आत एकेक मशीन आमच्या स्वयंपाकघराएवढं. एका टोकाने फळी आत जायची आणि दुसऱ्या टोकाने कडा-बिडा लावून बाहेर यायची. शालिकभाऊ प्रत्येक मशीनसमोर हात मागे बांधून उभे राहत आणि पहिला प्रश्न विचारत, "याच्यात एक खुर्ची होते का?" टाय घातलेल्या एका पोराने मोठ्या आदराने विचारलं, सर, तुमचं प्रॉडक्शन किती आहे? शालिकभाऊ म्हणाले, तीन महिन्यांत चार. पोराने ते चार हजार असं धरलं असावं, कारण त्याने लगेच खुर्ची दिली आणि ज्यूस मागवला. ती खुर्चीही त्यांनी बसण्याआधी मोजली. उंच होती.

दुपारपर्यंत माझे पाय भरून आले आणि डोकं आवाजाने भणभणलं. मी त्यांना ओढत एका कोपऱ्यात नेलं. तिथे हाताच्या अवजारांचा एक छोटा स्टॉल होता आणि कोणी फिरकत नव्हतं. लकडगंजमधले एक म्हातारे मिस्त्री स्टुलावर बसून पटाशीला धार लावत होते. लोकांना काम करून दाखवायला त्यांना बोलावलं होतं, पण बघायला लोकच नव्हते. आम्ही दिसल्यावर त्यांना बरं वाटलं. शालिकभाऊंनी सगळी हकीकत सांगितली. बहिणीचं माप, चार खुर्च्या, हाताचा दोष. मिस्त्रींनी पटाशी बाजूला ठेवून ती ऐकली. शेवटी हात पुढे करून दोरा मागितला.

त्यांनी तो चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत फिरवला. मग विचारलं, "हा एवढा कडक काहून आहे, भाऊ?"

"खळ आहे. दर खुर्चीच्या पहिले धुतो आन् खळ लावतो. लाकडाच्या भुश्शानं मळते ना."

मिस्त्रींनी आपल्या रिळातून नव्या सुती दोऱ्याचे वीतभराचे दोन तुकडे कापले. दोन्ही सारखे. एक पाण्याच्या बाटलीत बुडवून काढला, पिळला आणि कोरड्या तुकड्याशेजारी ठेवला. ओला तुकडा अर्ध्या बोटाने आखूड झाला होता.

"दोरा पाणी पेते, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "आन् म्हाताऱ्या गुडघ्याले एक बोट म्हणजे एक पायरी. माप लाकडावर घ्या."

त्यांनी सागाची एक साधी पट्टी शालिकभाऊंच्या हातात दिली. पट्टी घेऊन शालिकभाऊ तिथल्याच लाकडाच्या ओंडक्यावर बसले. पहिल्यांदाच न मोजता बसले. सुताच्या घरात जन्मलेल्या माणसाला सूत आटतं हे कळू नये, याची त्यांना लाज वाटली असणार. मागावर ते खळ लावलेलं सूत ताणून वाळवत. हा दोरा मात्र गाठी सरकतील म्हणून त्यांनी कधी ताणलाच नव्हता. पण त्यांना खरं लागलं होतं ते वेगळंच. पट्टी मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, "म्हणजे तिले पुन्हा मोजा लागन." आणि मग, "मले नाही होणार ते, मास्तर."

गळ्यातलं ते कार्ड छातीवर तसंच होतं. मला त्यांची फार कीव आली. गेले तीन महिने मी या माणसाच्या खुर्च्यांवरून शाळेत विनोद सांगत होतो, त्याचंही वाईट वाटलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी आपण उमरेडला जाऊ. माप राहू द्या, नुसते भेटायला जाऊ.

गेलो. जनाबाई घराच्या पुढच्या पायरीवर बसून तूर निवडत होती. वाळकी, ठेंगणी बाई, डोळे मात्र तल्लख. पाठीमागे दारात तो माठ, त्याच्याखाली पहिली खुर्ची. आम्हाला बघून तिने दाराच्या चौकटीला हात लावला आणि सहज उठली. कोणी ओढायची गरज पडली नाही. चहा ठेवते म्हणून आत गेली.

शालिकभाऊ पायरीकडे बघत राहिले. मीही बघितलं. ती रोज इथंच बसते, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, आणि रोज इथून उठते. माणसाला मोजायची गरजच नव्हती. त्यांनी पिशवीतून पट्टी काढली, एकदा आत डोकावून पाहिलं, पटकन गुडघ्यावर बसले, पायरीला पट्टी लावली आणि पेन्सिलीने रेघ मारली. चोरी केल्यासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

आतून जनाबाईचा आवाज आला. "खाली गोधडीची घडी घेतो मी, शालिक. ते बी धर."

पायरीवर गोधडीची घडी होतीच. शालिकभाऊंनी ती हाताने दाबली, पट्टी पुन्हा लावली आणि पहिल्या रेघेच्या वर दुसरी रेघ मारली. चहा घेताना कोणी खुर्चीचं नाव काढलं नाही. निघताना जनाबाईने आम्हाला तूर बांधून दिली, आणि शालिकभाऊंना एवढंच म्हणाली, की मले पहिलेच विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का.

पाचवी खुर्ची पट्टीवरून झाली. मे महिन्यात जनाबाई आली, एका गाठोड्याऐवजी दोन गाठोडी घेऊन. कूलरसमोर खुर्ची मांडलेली होती. ती बसली. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. मग हातांवर जोर देऊन उठली आणि परत बसली, आणि म्हणाली की कूलरचा वाळा बदला लागते, वास गेला त्याचा. शालिकभाऊंनी त्याच दिवशी नवा वाळा आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले आणि चौथी, सगळ्यात बुटकी खुर्ची मागून घेऊन गेले. बायकोला बरण्या उतरवाव्या लागल्या. संध्याकाळी मी समोर गेलो तर बहीण आपल्या खुर्चीत ताठ बसून वाती वळत होती, आणि तिच्या बाजूला हा सहा फुटी माणूस त्या पाटाएवढ्या खुर्चीत, गुडघे थेट हनुवटीपाशी. तिच्याशी बोलायला त्यांना मान वर करावी लागत होती.

मी म्हटलं, शालिकभाऊ, यातून तुम्हाला उठता येणार नाही.

"मले कुठं उठाची घाई आहे," ते म्हणाले.