हिंट: सर्वांत सुखाचा दिवस

आमच्या घरात कॉम्प्युटरमधला जाणकार मी! हे कोणी कबूल करत नाही, पण तो बिघडला की हाक मलाच मारतात. बहुतेक वेळा तो मीच बिघडवलेला असतो, हा भाग वेगळा.

तर परवाच्या रविवारी मी ठरवलं, कॉम्प्युटर सुरू केल्यावर येणारी ती पहिली स्क्रीन बदलायची. तिथला निळा डोंगर सहा वर्षं बघून बघून, तो रोज चढून आल्यासारखा मी थकलो होतो. डोंगर काढून आमचा तिघांचा फोटो लावला. घड्याळ कलिंगडाएवढं केलं. 'या, दमला असाल!' असं स्वागताचं वाक्य टाकलं. आणि जाता जाता पासवर्डही बदलला. एक तारीख ठेवली आणि खाली हिंट लिहिली: 'आपल्या घरातला सर्वांत सुखाचा दिवस.' घरच्यांना चटकन आठवेल, चोराला जन्मात कळणार नाही!

सोमवारी साडेदहाला बायकोची हाक आली.

"अहो! हे काय करून ठेवलंय?"

अकरा वाजता तिची मुलाखत होती. बारा वर्षं ती ग्रंथालयात सहायक आहे. मुख्य ग्रंथपालाची जागा या खेपेला तरी मिळावी म्हणून महिनाभर टिपणं काढत होती. टिपणं त्या कॉम्प्युटरमध्ये आणि मुलाखतही त्याच्यावरूनच!

"लग्नाची तारीख टाकली, तर चूक म्हणतोय."

"अगं, ती नाहीये."

"नाहीये?"

हे तिने इतक्या हळू विचारलं की मी बसलेला उभा राहिलो.

"माझा वाढदिवस असणार!" कन्या ऐटीत पुढे झाली. तोही चूक! आता दोघी मिळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"हात लावू नका," मी म्हणालो. "पाचदा चुकलं की तासभर उघडत नाही."

"मग तुमचा सुखाचा दिवस आहे तरी कोणता?"

"गवंडी गेला तो!"

बाथरूमच्या फरशीसाठी आठवड्याच्या बोलीवर आलेला गवंडी आमच्याकडे साडेतीन महिने राबत होता. म्हणजे राबत आम्ही होतो, तो येत होता. तो गेला त्या संध्याकाळी दार लावून आम्ही दोघं तिथेच जमिनीवर बसलो होतो.

"तूच म्हणालीस, इतकं सुख आयुष्यात कधी वाटलं नव्हतं," मी म्हणालो.

बायकोने घटकाभर डोळे मिटले. "म्हणाले होते," ती म्हणाली. "तारीख सांगा."

तारीख! कॅलेंडरवर तिला लाल गोल केला होता. रविवारी तो बघूनच पासवर्ड ठेवला, आणि मग महिना उलटून गेलेलं, बिनकामाचं पान म्हणून तेच फाडून, ओलं करून स्क्रीन पुसली. सकाळी कचऱ्याची गाडी ते घेऊन गेली.

"महिना मार्च," मी म्हणालो. "तेवढं नक्की."

घड्याळात दहा बावन्न झाले होते. कलिंगडाएवढं असल्यामुळे ते सगळ्यांनाच नीट दिसत होतं. बायको खुर्चीत बसून तोंडातल्या तोंडात टिपणं आठवत होती आणि तिला पहिल्या ओळीपुढे काही आठवत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्या गवंड्याला मी फोन लावला. स्पीकरवर!

"साहेब! आज कशी आठवण काढली?"

"तुम्ही आमच्याकडून गेलात ती तारीख कोणती हो?"

"सतरा मार्च. अठराला पलीकडच्या दवाखान्याचं काम धरलं ना."

बायकोने सतरा टाकली. उघडलं! 'या, दमला असाल!' कॉम्प्युटर म्हणाला, आणि ती खरंच रडायच्या बेतात हसली. अकराला पाच कमी होते. मी फोन बंद करणार, तेवढ्यात...

"पण साहेब, काम संपलं कुठे? कोपऱ्यातली एक फरशी पोकळ वाजते. मीच लाजेने फोन करत नव्हतो. उद्या येतो!"

बायकोला ती जागा मिळाली. गवंडीही आला. आज त्याचा एकोणिसावा दिवस. पासवर्ड आता बायकोने बदललाय आणि हिंटही तिनेच लिहिली आहे: 'बाबांना विचारू नये.'

मी रोज ती वाचतो आणि कन्येला हाक मारतो.