गवईमामांचा मंगळ

मंगळावर माती तपासत फिरणाऱ्या यंत्राच्या चुका काढणारा माणूस आमच्या धामणगाव बढ्यात एकच : माझे शेजारी गवईमामा. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात नमुने चाळले. मोबाइलवर ती गाडी माती उकरताना दिसली की मामा खाटेवरून ओरडतात, "काऊन बे, वरवर खरवडून राह्यला? वीतभर खाली जाय ना!" आवाज असा, की तिकडे गाडी दोनदा थांबलेली मी स्वतः पाहिली आहे.

शेवटी त्यांनी स्वतःच गाडी केली. खेळण्यातल्या जीपची चाकं, फवारणी पंपाची मोटर, पुढे जुना मोबाइल, थर्मामीटर आणि मामी होत्या तेव्हाचा चहाचा चमचा. पहिली मोहीम ग्रामपंचायतीच्या सभागृहात. अहवाल आला : "पाणी नाही, उजेड नाही. जीव राहू शकत नाही." सरपंच महिनाभर बोलले नाहीत.

"मामा, पण आम्ही बसतो ना तिथं!" मी म्हटलं.

"जीव हाय का, हे यंत्र पाह्यतच नाही, मास्तर. राहू शकते का, इतकंच पाह्यते. लायक असणं अलग, राह्यणं अलग."

प्रत्येक मोहिमेआधी चाकं आणि चमचा जंतुनाशकानं धुवायचे. त्या वासानं आमची म्हैस तीन दिवस शिंकत होती. "आपलेच जंतू घेऊन गेलो अन् तेच सापडले म्हणून नाचलो, तं कसं व्हायचं?"

परवा गेलो, तर मामा माडीवरच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर बसून आत गाडी चालवत होते. खोली मुलाची. मागच्या उन्हाळ्यात तो नातीला घेऊन पुण्याहून आला आणि "बाबा, ही खोली राहण्यालायक नाही" म्हणून तिसऱ्या दिवशी परत गेला. आता तिथं नवी खिडकी होती, कूलर होता, छोटी खाट होती. रंगारी गेल्यापासून साचलेल्या धुळीत फक्त चाकांच्या रेषा.

"ऊन बत्तीस. हवा हाय. पाणी हाय. नेटवर्कच्या दोन काड्या." मामांनी वहीत लिहिलं, पानाचा फोटो मुलाला पाठवला. रोज पाठवतात. रोज दोन निळ्या खुणा येतात.

"आत जाऊन झाडून तरी घ्या, मामा."

मामा बाहेर आलेल्या गाडीची चाकं पुसत राहिले.

"मी गेलो तं माहेच पाय उमटतीन ना, मास्तर. मंग मलेच वाटते, आलं कोणी."