कमळाबाईंची विळी आणि माझी विशेषणं

माझं इंग्रजी कच्चं आहे असं म्हणणारा माणूस अजून बदलापुरात जन्माला यायचाय. तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात खरेदी अधिकारी होतो. खिळ्यापासून करवतीच्या पात्यापर्यंत सगळ्यांचं वर्णन मी इंग्रजीतून केलंय. त्यामुळे मांजर्लीतल्या आमच्या शेजारीण कमळाबाई जेव्हा म्हणाल्या, "श्यामकांतभाऊ, कॅनडाला विळी धाडायची हाय, फॉर्म इंग्रजीत हाय," तेव्हा मी पेन घेऊनच उठलो.

त्यांची लेक स्वप्नाली तिकडे यंदा पहिल्यांदाच गणपती बसवणार होती. मोदकांचा नारळ आईच्याच विळीवर खवायचा, हा तिचा हट्ट. पार्सल आज गेलं तरच वेळेत पोचणार होतं.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या कुरिअरच्या दुकानात फॉर्म हाती आला. वस्तूचं वर्णन करा. आता नुसतं 'शार्प' काय लिहायचं? शार्प तर पेन्सिलही असते. मी 'रेझर-शार्प' लिहिलं. पात्याच्या बाकाला 'कर्व्ह्ड', टोकाला 'पॉइंटेड', खवणीच्या दातांना 'सेरेटेड'. तरी जागा उरली, म्हणून 'जॅग्ड' आणि आरपार घुसणारं 'पिअर्सिंग'.

काउंटरवरच्या शेठनी फॉर्म वाचला आणि खुर्ची मागे सरकवली.

"अंकल, ये तलवार भेज रहे हो क्या?"

"विळी है. किचन की."

"किचन में पिअर्सिंग क्या करते हो?"

मी शांतपणे समजावलं की दात जरा आत वळलेत, तेव्हा खरं तर 'बार्ब्ड' म्हणायला हवं. शेठनी फोन उचलला. हेड ऑफिसने 'सेरेटेड'चं स्पेलिंग विचारलं, ते मी अचूक सांगितलं. त्यांनी पार्सल रद्द केलं!

घाईघाईने मी खाली 'बट व्हेरी हार्मलेस' असं जोडलं.

"बमवाला भी यही लिखेगा," शेठ म्हणाले.

कमळाबाईंचे डोळे भरून आले. "भाऊ, पोरीला काय सांगू मी आता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडायचं तरी कुणावर? अक्षर माझंच होतं.

मग त्यांनी डोळे पुसले, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली विळी सोडली आणि शेठच्या टेबलावरची सुतळी पात्यावर धरून खसाखसा ओढली. सुतळी जशीच्या तशी.

"धार हाय कुठं तिला? माज्या सासूची विळी ही. भेंडी बी दोनदा कापावी लागते. खवणी तेवढी चालते."

शेठनी अंगठा फिरवून पाहिला. काही झालं नाही. ते हसले, हेड ऑफिसला फोन करून रद्द झालेलं पार्सल पुन्हा मंजूर करून घेतलं, माझ्या सगळ्या विशेषणांवर एकच आडवी रेघ मारली, वर 'ओल्ड किचन टूल' लिहिलं आणि शिक्का ठोकला.

कमळाबाईंनी पिशवीतून तांदळाचे पापड काढले. पापडांचा वेगळा फॉर्म होता. मी पेनाचं टोपण उघडलं.

"राहू द्या भाऊ," फॉर्म शेठपुढे सरकवत त्या म्हणाल्या, "तुमी पिशवी धरा."

मी धरली. तिचे बंद तळहाताला चांगलेच काचत होते. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला नेमकं ठाऊक आहे, पण कुणी विचारलं नाही.