प्रवासी बनूबाई यांनी तातडीने गेटवर यावे

हंसगती विमान कंपनीने गेल्या एक तारखेपासून कागदी बोर्डिंग पास बंद केला. यापुढे विमानात चढायचं तर पास मोबाईलच्या पडद्यावर दाखवायचा, कागदावर छापलेला चालणार नाही, असं कंपनीने जाहीर केलं. कारण झाडं वाचवायची आहेत. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. हजेरीच्या मस्टरपलीकडे फारसं वाचन नाही, पण नियम या गोष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे. तेव्हा पुढे जे घडलं त्यात कंपनीची काडीचीही चूक नव्हती, हे आधीच नमूद करून ठेवतो.

आमच्या शेजारी, बदलापूर गावात, बनूबाई राहतात. वय अडुसष्ट. बारवी धरणाच्या वाटेवर त्यांची थोडी भातशेती आहे आणि बांधावर आंबा, फणस, जांभूळ मिळून साठेक झाडं आहेत, सगळी स्वतःच्या हाताने लावलेली. झाडं वाचवण्यासाठी आपल्याला बटणाचा फोन टाकून द्यावा लागेल, असं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांचा भाचा प्रीतम बेंगळुरूला नोकरी करतो. भाचा म्हणजे भावाचा मुलगा. भाऊ-भावजय लवकर गेले, पोराला यांनीच वाढवला. त्या प्रीतमला मुलगा झाला. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. प्रीतमला सख्खी, चुलत, मावस अशी एकही बहीण नाही. त्यामुळे बापाच्या आत्यानेच बाळाची आत्या व्हायचं असं ठरलं. बनूबाईंनी नाव पहिल्याच दिवशी ठरवलं आणि कुणालाही सांगायचं नाही म्हणून तोंड मिटलं. मी दोनदा खोदून विचारलं.

"भाऊ, नाव आधी कानात जातं, मंग गावात," त्या म्हणाल्या. "तुमी काय बाळ हाय?"

तिकीट प्रीतमने काढून पाठवलं. पास मात्र प्रवाशाच्या स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या चेहऱ्याने काढायचा होता. म्हणून माझी सून जिज्ञासा बनूबाईंना घेऊन उल्हासनगरच्या मार्केटात हरेशच्या दुकानात गेली.

"मावशी, टेन्शन नको घेऊ," हरेश म्हणाला. "ये पीस लेके जाव. कॅमेरा असा आहे की माणूस आहे त्याच्यापेक्षा गोरा येतो."

"अंकल, गोरं नाही व्हायचंय त्यांना, विमानात चढायचंय," जिज्ञासा म्हणाली.

"तर मग हाच घ्या ना. याच्यावर तर किती लोक दुबईला गेले!"

घरी आल्यावर कंपनीचं अ‍ॅप फोनमध्ये घातलं. अ‍ॅपने ईमेल मागितला. तो काढला. ईमेलने मोबाईल नंबरची खात्री मागितली, ती खात्री करायला जो आकडा आला तो वाचेपर्यंत शिळा झाला. नवा आकडा मागवला. मग चेहरा. पदर काढा, चष्मा काढा, मान डावीकडे, मान उजवीकडे, आता थोडं हसा.

"कशाला हसू?" बनूबाई म्हणाल्या. "अजून बाळ बगला पन नाय."

अ‍ॅप हसल्याशिवाय पुढे सरकेना. यात तीन दिवस गेले, शुक्रवारचं विमान गेलं, आणि प्रीतमने दुसरं तिकीट काढलं ते थेट बारशाच्या दिवशीचं, रविवारचं. विमान सकाळी अकराला, बारसं संध्याकाळी सहाला. शनिवारी रात्री जेवायच्या आधी बनूबाई एकदाच्या हसल्या आणि पास आला. शेवटी अ‍ॅपने विचारलं, "आपली संपर्कयादी वाचू का? आपल्या प्रवासाची वार्ता आपल्या माणसांना कळवू का?" एव्हाना जिज्ञासाचं बोट इतकं थकलं होतं की ते 'हो'वरच पडून राहिलं होतं. यादीत दोनशे चौदा माणसं होती. जिज्ञासाने त्या सगळ्यांना आधीच एक निरोप धाडला होता: बनूआत्याचा हा नवा नंबर, आत्या रविवारी विमानाने बेंगळुरूला जातेय.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. गावातलं माणूस लांब निघालं की त्याला फोन करून विचारावं लागतं. निघालात का, पोचलात का, बसलात का, काही खाल्लंत का. न विचारणारा माणूस पुढे वर्षभर बोलणी खातो. आणि ज्याला फोन आला त्याने तो घ्यावा लागतो. चालू फोन कापणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर कडी लावणं. बनूबाईंनी जन्मात कुणाच्या तोंडावर कडी लावलेली नाही.

जिज्ञासा त्यांना विमानतळाच्या दारापर्यंत सोडून परत आली. पुढची हकिगत मी बनूबाई आणि गेटवरचा अधिकारी शशिकांत, दोघांच्या जबान्या ताडून पाहून लिहितो आहे. शशिकांत आमचाच. त्याचे आईबाप सात वर्षं बनूबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते, आणि तो बनूबाईंच्या हातच्या तांदळाच्या भाकरीवर मोठा झाला. आता तो हंसगतीचा गेट-अधिकारी आहे, गळ्यात रुमाल बांधतो.

गेटवर बनूबाईंनी पास उघडून फोन यंत्राखाली धरला. यंत्र वाचणार तोच फोन वाजला आणि पास गडप होऊन पडद्यावर गावातल्या रखमाबाई आल्या.

"गो बनू, बसलीस का इमानात?"

"बसते गो. दारातच हाय."

"खाल्लंस काय?"

खाल्लं ते सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा पास उघडला. फोन धरला. गोदू आली. गोदूनंतर वांगणीचा रघु. रघुने विमानात खिडकी उघडता येते का ते विचारलं आणि त्याच्या मागून त्याची आई बोलली. मागे रांग वाढत होती.

"मावशी, फोन कट करा ना," शशिकांत हलक्या आवाजात म्हणाला.

"कट करू? माजी थोरली जाव हाय रं ती!"

बावीस फोन झाले. तेविसाव्याला बॅटरी संपली आणि फोनचा पडदा काळा झाला. बनूबाईंना वाटलं, बरं झालं, आता निवांत चढता येईल.

"पास दाखवा, मावशी," शशिकांत म्हणाला.

"बंद पडला ना फोन. तुज्या समोरच तर पडला."

"मग चार्ज करून आणा. चार्जिंगची सोय त्या काचेच्या लाउंजमध्ये आहे."

लाउंजच्या दारावरच्या मुलीने अत्यंत नम्रपणे पास मागितला. पास फोनमध्ये होता. बनूबाई परत आल्या.

"शशी, तू मना वळखतस ना रं?"

"असं काय बोलता, मावशी? तुमच्या अंगणात वाढलो मी."

"मंग सोड."

"मी ओळखून काय होतंय? सिस्टीमने ओळखायला पाहिजे."

त्याच्यासमोरच्या पडद्यावर बनूबाईंचं नाव होतं, फोटो होता, आसन क्रमांक होता. हातात त्यांचं आधार कार्ड होतं आणि समोर साक्षात त्या होत्या. परंतु पास दाखवला गेला नाही, याचा अर्थ प्रवासी गेटवर आलेला नाही. आणि प्रवासी आलेला नसेल तर त्याला तीनदा पुकारायचं, हा नियम. शशिकांतने माइक हातात घेतला.

"प्रवासी बनूबाई यांनी तातडीने गेटवर यावे."

"आलेय ना मी," बनूबाई म्हणाल्या.

शशिकांतने डोळे मिटून दुसऱ्यांदा पुकारा केला.

"अरे शशी, ही काय मी! हितं बग!" त्यांनी हात वर केला. रांगेतले चारजण मागे वळून बघू लागले की या बनूबाई कोण, सगळ्यांचा खोळंबा करणाऱ्या. एकजण तर बनूबाईंनाच म्हणाला, "क्या लोग हैं ना आंटी, टाइम की कोई कदर नहीं."

तिसऱ्या पुकाऱ्याला मात्र बनूबाईंचे डोळे भरून आले. ज्या नावाने हाक मारून या पोराची आई त्याला त्यांच्या हवाली करायची, तेच नाव तो माइकवरून दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारावी तसं घेत होता. तेवढ्यात रांगेतल्या एका मुलीला दया आली. तिने आपली चार्जिंगची डबी दिली. फोन धुगधुगला. शशिकांतने तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून यंत्राखाली धरला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर आलं: प्रवासी विमानात चढला.

आणि फोन वाजला. तो माझा होता.

मला दुसरं काहीच विचारायचं नव्हतं. एवढंच विचारलं, "बनूबाई, बसलात का?" त्या म्हणाल्या, "बसतेच हाय, भाऊ." मग मी बेंगळुरूला थंडी असते, शाल घेतलीत का, एवढं विचारलं. मग माझ्या बायकोकडे फोन दिला, कारण तिला बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांबद्दल सांगायचं होतं. फार तर चार मिनिटं. तेवढ्यात ती मुलगी आपली डबी घेऊन विमानात गेली, फोन कायमचा झोपला आणि गेटही बंद झालं.

"शशी, मी रायले!"

शशिकांतने पडद्याकडे बघितलं. एकशे बासष्ट प्रवासी, एकशे बासष्ट चढले. पूर्वी हवाईसुंदरी बोटाने डोकी मोजायची. तो प्रकारही कंपनीने एक तारखेलाच बंद केला होता. मोजणीत सगळे चढलेले असल्यामुळे कुणासाठी थांबायचं कारणच नव्हतं, आणि हंसगतीचं विमान चक्क सहा मिनिटं आधी सुटलं.

"मावशी, तुम्ही गेलात," शशिकांत म्हणाला.

"मना दुसऱ्या इमानात बशीव. सहाच्या आत पोचव, कायपन कर."

त्याने प्रयत्न केला, हे मान्य केलं पाहिजे. पण दुपारच्या विमानाचं तिकीट निघेना. जो प्रवासी सध्या हवेत आहे, त्याला जमिनीवरून तिकीट देता येत नाही. दोन तास थांबून, विमान उतरल्यावर त्याने पुन्हा नाव घातलं. अ‍ॅपने उत्तर दिलं की बनूबाई आता बेंगळुरूला आहेत. त्यांना परत यायचं असल्यास संध्याकाळचं परतीचं तिकीट उपलब्ध आहे.

"प्रीतमला तरी फोन लाव."

"प्रवाशांच्या नातेवाइकांना अ‍ॅप कळवतं, मावशी. आम्ही बोललो तर मेमो मिळतो."

अ‍ॅपने खरोखरच कळवलं. दुपारी एकच्या सुमारास यादीतल्या दोनशे चौदा फोनवर एकदम घंटी वाजली: बनूबाई सुखरूप पोहोचल्या. खाली फुलांचा गुच्छ होता. गावाचा जीव भांड्यात पडला. रखमाबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि त्यानंतर बनूबाईंना एकाही माणसाने फोन केला नाही. पोचलेल्या माणसाला काय विचारायचं?

तिकडे प्रीतमलाही गुच्छ मिळाला. तो आत्याला आणायला बेंगळुरूच्या विमानतळावर गेला. सगळे प्रवासी बाहेर आले, आत्या आली नाही. त्याने चौकशी केली तर कंपनीने पडदा दाखवला: आत्या आलेली आहे, नीट शोधा. तो शोधत राहिला. पाळणा सजवलेला, बायका जमलेल्या, आत्या नाही आणि आता बापही नाही. साडेसहाला बाळाच्या आजीने, म्हणजे प्रीतमच्या सासूने, मोबाईलला नाव विचारलं. मोबाईलने पाच सुचवली. त्यातलं पहिलं ठेवलं.

बनूबाई सातच्या सुमारास रिक्षातून उतरल्या. आम्ही दहाबारा माणसं त्यांच्याच ओट्यावर गप्पा मारत बसलो होतो. हातात तीच पिशवी, तीच शाल. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग, कसं काय कोण जाणे, सगळ्यांनी एकदम खिशातले फोन काढून बघितले.

"बनूबाई," मी म्हणालो, "अहो, तुम्ही तर पोचलात." आणि त्यांना गुच्छ दाखवला.

जिज्ञासाने त्यांना पाणी दिलं आणि प्रीतमला फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून तो रडत होता, ते आम्हालाही ऐकू येत होतं. बाळाचं नाव कियांश ठेवलं, असं त्याने सांगितलं. बनूबाईंनी "काय?" म्हणून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा "बरं हाय, बरं हाय. बाळाला जप" म्हणाल्या आणि फोन जिज्ञासाला दिला.

"तुम्ही ठरवलेलं नाव काय होतं हो, आत्या?" जिज्ञासाने विचारलं.

"ते आता कुनाच्या कानात सांगू?"

रखमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी घसा खाकरून म्हणालो की झाल्या प्रकाराची रीतसर तक्रार अ‍ॅपवर करता येते, त्यासाठी वेगळा रकाना आहे. बनूबाईंनी सावकाश आमच्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"येक सांगा मना," त्या म्हणाल्या. "सकालपासून येवढे फोन केलात तुमी सगल्यांनी. मी पोचावी म्हनून केलात, का आपन इचारला म्हनून सांगाला केलात?"

नेमक्या अशा वेळी माणसाने कुठे बघायचं, याची अडचण पूर्वी फार होत असे. आता होत नाही. आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून मोबाईल बघायला घेतले. मी तेवढ्यात बनूबाईंचा पायरीवर बसलेला एक फोटो काढला आणि 'बनूबाई सुखरूप घरी' असं लिहून सगळीकडे पाठवला. तुमच्याकडेही आला असेल. न उघडताच तुम्ही त्याला अंगठा दिलात, त्याबद्दल आभारी आहे.