साकिउसाचे बारा व्होल्ट

उन्हापासून मिळालेली वीज कशी पुरवून वापरावी हे सबंध बेटावर आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं साकिउसाचं ठाम मत होतं, आणि ते तो कुणी न विचारताही सांगत असे. त्याच्या पडवीत वरच्या फळीवर एक आणि खालच्या फळीवर एक अशा दोन बॅटऱ्या होत्या. दोन्ही जोडून चोवीस व्होल्ट, त्यावर इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टरवर टीव्ही. फोन, रेडिओ, छोटे दिवे यांना मात्र बाराच व्होल्ट लागतात. त्यासाठी म्हणे राजधानी सुवाहून चोवीसचे बारा करणारा एक वेगळा डबा मागवायचा! साकिउसाने डबा मागवला नाही. खालच्या एकट्या बॅटरीला दोन तारा लावल्या आणि बारा व्होल्ट काढून दाखवले. बायको माकेरेता म्हणाली, की इतकं सोपं असतं तर लोकांनी डबे कशाला विकले असते? साकिउसाने तिच्याकडे दयेने पाहिलं.

पहिला आला भाचा रुसिआते. फिजीत मामाच्या घरातली वस्तू भाच्याने मागायची आणि मामाने द्यायची, यात चर्चेला जागा नसते. "मामा, केरेकेरे," एवढंच तो म्हणाला आणि तार घेऊन गेला. मागोमाग बाकीचे आले. नातलगाने केरेकेरे म्हणून काही मागितल्यावर नाही म्हणता येत नाही, आणि नातलग नसलेला माणूस शोधायचा तर होडी काढावी लागली असती. बघता बघता खालच्या बॅटरीपासून गावभर तारा गेल्या. लोक साकिउसाला दुवा देत फोन भरू लागले. तोही खूश होता, कारण प्रत्येक तारेबरोबर त्याला बारा व्होल्टवर भाषण देता येत होतं.

अशात बातमी आली, की त्याची मुलगी लितिआना देशाच्या रग्बी संघात निवडली गेली आणि शनिवारी सिडनीत पहिला सामना खेळणार. सिडनीला जाणं शक्य नव्हतं. साकिउसाने तिला फोनवर शब्द दिला, "पोरी, तू धावशील तेव्हा मी बघत असेन. एक पाऊलही चुकवणार नाही."

त्याच आठवड्यात गावातले दिवे मिणमिणायला लागले. रुसिआते सांगत आला, की फोन नीट भरत नाही. साकिउसाने त्याला भिंतीवरचा मीटर दाखवला. मीटर दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज दाखवत होता आणि ती उत्तम होती. तेव्हा दोष फोनचा! तरी त्याच्या डोक्यात किडा वळवळत राहिला. बेरीज बरोबर आणि दिवा मंद, हे कसं? त्याने छपरावर चढून सौर पॅनेल पुसले, तारा चाचपल्या, एका पालीवर संशय घेतला. जेवायला बसला तरी नजर मीटरवरच.

शनिवारी घरात चटया पसरल्या. माकेरेताने उकडलेला कसावा आणि मासे मधोमध ठेवले. पडद्यावर लितिआना दिसली, राष्ट्रगीत म्हणत होती. साकिउसाही तिच्याबरोबर म्हणू लागला. शिटी वाजली आणि टीव्ही बंद पडला.

इन्व्हर्टर कुरकुरला, पुन्हा लागला, पुन्हा बसला. साकिउसा व्होल्ट मोजायचं यंत्र घेऊन पडवीत धावला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. वरची तुडुंब. खालची कोरडी ठाक!

"माकेरेता, इकडे ये," तो हरखून ओरडला. "सापडलं! सगळं गाव खालचीला पीत होतं, वरची नुसती फुगत होती. दोघींची बेरीज करून मीटर मला फसवत होता. आणि दोघी हातात हात घालून चालणाऱ्या, म्हणून एक बसली की दुसरीही—"

"लेक खेळतेय तुमची," माकेरेता म्हणाली.

साकिउसा यंत्र तिथेच टाकून धावला. फोनला रेंज फक्त चर्चच्या पायऱ्यांवर यायची. तो धापा टाकत पोहोचला तेव्हा तिथे अर्धं गाव रुसिआतेच्या फोनवर ओणवं झालं होतं. बाकीच्यांचे फोन केव्हाच मेले होते. साकिउसा गर्दीच्या मागे उभा राहिला. आयुष्यभर देत आलेला माणूस, त्याला मागायची सवय नव्हती.

"केरेकेरे," तो हळूच म्हणाला.

गर्दीने वाट दिली. तळहाताएवढ्या पडद्यावर लितिआनाने चेंडू उचलला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, पुढे सगळं मैदान मोकळं, आणि फोन काळा झाला.

रुसिआतेने फोन हलवला, तळहातावर आपटून पाहिला. मग खाडीपलीकडच्या गावातून आरोळी उठली, ढोल वाजले, आणि वाऱ्यावर लितिआनाचं नाव आलं. सगळे साकिउसाच्या गळ्यात पडले. तो लहान पोरासारखा रडला. आनंदाने की न पाहिल्याच्या दुःखाने, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

डोळे पुसून त्याने गावाला सगळा प्रकार समजावून सांगितला. खालची का मेली, वरची का भरली, आणि गावाने काय केलं. लोकांनी मन लावून ऐकलं. रुसिआतेने तर दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हणजे मामा, वरची अजून भरलेलीच आहे?"

"तुडुंब," साकिउसा अभिमानाने म्हणाला.

"मग केरेकेरे," रुसिआते म्हणाला, आणि मागे रांग लागली.